चोर्ला चढणारे सर आणि चार तासांचं उभं राहणं

सरांनी परवानगी दिली म्हणून हे लिहिते आहे. अट एकच, नाव घालायचं नाही. "नाव घातलंस तर बाजारात जाईन तिथे लोक अंगठा कसा आहे म्हणून विचारतील," म्हणाले. म्हणून नुसतं 'सर'. मला त्यांनी नववीत भूगोल शिकवला, तेव्हा दुसरं काही म्हणायची सवयही नाही.

मी फोंड्यात फिजिओथेरपी करते. गेल्या काही वर्षांत गुडघे-कंबरवाल्यांच्या जोडीला माझ्याकडे एक नवीनच मंडळी येऊ लागली आहे. वय पन्नाशी-साठीचं, गळ्यात चांगली दुर्बीण, आणि ऐन हिवाळ्यात लडाखला नाहीतर स्पितीला जाऊन हिमबिबट्या बघायचा ध्यास. जानेवारी २०२४ मध्ये देशातल्या हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध मोजदाद जाहीर झाली. ७१८ निघाले, त्यातले ४७७ एकट्या लडाखात. त्यानंतर हा ध्यास जरा जास्तच वाढला, असा माझा अंदाज. सरही त्यातलेच. फरक इतकाच की त्यांची तयारी मी करून घेतली आणि सोबतही मीच गेले. त्यामुळे चूक कोणाची हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

माणूस

वय ६२, वजन ६४ किलो. वाळपईच्या एका हायस्कुलातून निवृत्त. सिगारेट नाही, साखर नाही. ब्लडप्रेशरसाठी बारा वर्षं अटेनोलॉल, रोज एक गोळी. प्रोस्टेटची किरकोळ कुरबुर, म्हणजे रात्री दोनदा उठावं लागतं. दर रविवारी चोर्ला घाटात नाहीतर म्हादईच्या रानात पायपीट. सोंसोगड, गोव्यातलं सर्वांत उंच टोक, १,१६७ मीटर, चार वेळा चढून आलेले. पावसाळ्यात जळवा झटकत आठ-आठ तास चालणारा माणूस. त्यांच्या निम्म्या वयाची पोरं मागे धापा टाकत येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यामुळे सहा जणांच्या आमच्या गटात ज्याची काळजी कोणीच केली नाही, असा माणूस म्हणजे सर.

तयारी

दहा आठवडे होते. फर्मागुडीचा चढ, पाठीवर आधी चार आणि नंतर आठ किलो. पायऱ्या, उठाबशा, एका पायावर तोल. सरांनी एक दिवस चुकवला नाही. सातव्या आठवड्यात आठ किलो पाठीवर घेऊन ते पायऱ्या चढून आले. मी नाडी मोजली तर ११२. मी म्हटलं, "सर, काय कंडिशन आहे!" ते खूश, मी खूश.

आता लिहिताना लाज वाटते. ती नाडी कंडिशनमुळे नव्हे, गोळीमुळे खाली होती. अटेनोलॉल हा बीटा ब्लॉकर. हृदयाला तो फार जोरात पळू देत नाही. विरळ हवेत शरीराचा पहिला उपाय म्हणजे श्वास वाढवणं आणि हृदय जोरात चालवणं. त्यातल्या दुसऱ्या उपायाला या गोळीने लगाम घातलेला असतो. शिवाय बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांच्या हातापायांची बोटं बऱ्याचदा आधीच गार असतात. हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. समोर उभ्या माणसाला ते लावून बघणं राहून गेलं.

डॉक्टरांकडेही आम्ही गेलो होतो. सरांनी विचारलं, "लडाखला चाललोय, चालेल ना?" डॉक्टरांनी छाती तपासली, ईसीजी काढला, "चालेल" म्हणाले. विचारलं त्याचं बरोबर उत्तर मिळालं. विचारायला हवं होतं ते असं: हा माणूस चार हजार मीटरवर, शून्याखाली पंधरा-सतरामध्ये, पहाटे चार तास एका जागी उभा राहणार आहे. तर ही गोळी ठेवायची की दुसरी द्यायची? गोळी स्वतःहून बंद करायची नसते, ती अचानक थांबवणंही धोक्याचं. पण दोन महिने आधी विचारलं असतं तर डॉक्टरांना विचार करायला वेळ होता.

आता या 'उभं राहण्या'बद्दल. आमच्याकडे बहुतेकांच्या डोक्यात लडाख म्हणजे ट्रेक. हिमबिबट्याच्या सहलीत चालणं असं फार नसतंच. दिवसाला दोन-तीन किलोमीटर, त्यात दीडशे मीटरचा चढ. जत्रेत लोक याहून जास्त चालतात. हिवाळ्यात भरल आणि आयबेक्स, म्हणजे रानमेंढ्या-रानबकऱ्यांचे कळप, खालच्या उतारांवर येतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो. जानेवारी ते मार्च हा त्याचा जोडी जमवायचा काळ, त्यामुळे तो जास्त फिरतो, हाका देतो, खुणा सोडतो. फिरतो तो मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणजे दिवसातल्या सगळ्यांत गार वेळेला आपण डोंगराच्या धारेवर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची लांब पल्ल्याची दुर्बीण, लावून, समोरचा उतार इंच इंच बघत, न हलता उभं राहायचं.

नुसता उभा माणूस शंभर वॅटच्या जुन्या बल्बाइतकी ऊब देतो. चढ चढताना तीच ऊब चार-पाच पट होते. सरांना मी दहा आठवडे ऊब तयार करायला शिकवलं. ऊब तयार होत नसताना ती राखायची कशी, यावर एक दिवसही घालवला नाही. आणि घालवणार तरी कुठे? फेब्रुवारीत पहाटे पारा विसाच्या खाली गेला की आमच्याकडे लोक ट्रंकेतला स्वेटर शोधतात.

लेह

उन्हाळ्यात मनालीकडून नाहीतर श्रीनगरकडून गाडीने टप्प्याटप्प्याने वर येता येतं. हिवाळ्यात पर्यटकाने त्या घाटांचा भरवसा धरू नये. म्हणून विमान. रात्री दिल्ली, सकाळी लेह. विमानतळ ३,२५६ मीटरवर, गाव साधारण साडेतीन हजारांवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास. हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो, पण दाब कमी, म्हणजे प्रत्येक श्वासात तो एक तृतीयांशाने कमी. कालपर्यंत समुद्रकाठी असलेल्या शरीराला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

तीन रात्री लेहमध्ये, काही न करता. योजना चांगली होती. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. रक्तातला प्राणवायू ८६ ते ९१ टक्के. सर ८८. कोणाला काही नाही. सर खिडकीशी उभे राहून आम्हाला वर्गात सांगायचे तसं सांगत होते, दर हजार मीटरला साडेसहा अंश. "म्हणजे पणजीतून काही न करता नुसतं उभं वर उचललं तरी तेवीस अंश कमी."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही झोपलेले असताना ते गटातल्या एकाला घेऊन शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढून आले. सुमारे पाचशे पायऱ्या. "चोर्ल्यापुढे काय ते," असं नंतर म्हणाले. तंदुरुस्त माणसाची हीच अडचण. उंचीचा आजार तंदुरुस्ती बघून येत नाही. कसलेला धावपटू आडवा पडतो आणि गुडघेदुखीची आजी फिरत राहते. उलट तंदुरुस्त माणूस पहिल्या दोन दिवसांत जास्त हिंडतो आणि जास्त लपवतो.

खरी साखळी मात्र पायऱ्यांपाशी सुरू झाली नव्हती. ती आदल्या रात्रीच, संडासापाशी सुरू झाली होती.

डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही सगळे दिल्लीपासून अ‍ॅसिटाझोलामाइड घेत होतो, १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. तीच ती 'डायमॉक्स'. तिने श्वास वाढतो, शरीर उंचीला लवकर रुळतं. पण तिने लघवीही वाढते. थंडीनेही वाढते, उंचीनेही वाढते. वर प्रोस्टेट. लेहमधल्या पहिल्या रात्री सर चार वेळा उठले. पाइप गोठलेले, बादलीवर बर्फाचा पापुद्रा, व्हरांड्यातून वीस पावलं. सकाळी त्यांनी कोणाला न विचारता दोन निर्णय घेतले: डायमॉक्स बंद, आणि दुपारनंतर पाणी बंद.

हे मला पाचव्या रात्री कळलं. माझ्यासमोर ते गोळीची स्ट्रिप खिशातून काढायचे आणि परत ठेवायचे. ज्या पोरीला वर्गात उभं केलं, तिला लघवीबद्दल काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असणार. मी विचारलं असतं तर सांगितलंही असतं कदाचित. दहा आठवड्यांत मी गुडघ्याबद्दल शंभर प्रश्न विचारले, रात्रीच्या उठण्याबद्दल एकही नाही.

भरपूर पाणी प्यायलं की उंचीचा आजार टळतो, असं काही नाही. पण पाणी कमी पडलं की त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं, आणि मग कुठली डोकेदुखी कशाची हे कळेनासं होतं. तिसऱ्या दिवशी सरांचं डोकं दुखत होतं. त्यांनी पॅरासिटामॉल घेतली आणि खापर पाण्यावर फोडलं: कमी प्यायलो म्हणून दुखतंय, उद्या गाडीत पिऊ.

चौथ्या दिवशी त्याच डोक्याने ते गाडीत बसले. डोकं दुखत असताना वर चढायचं नाही, हा या विषयातला पहिला नियम.

उले

उले हे सिंधूच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं छोटं गाव, चार हजार मीटरच्या आसपास. आम्ही ते निवडलं कारण घरापर्यंत गाडी जाते. या एका निवडीबद्दल मी स्वतःला शाबासकी देते.

पाचव्या दिवशी पहाटे सातला शून्याखाली १७. दीडशे मीटर चढून धारेवर पोचलो. सरांच्या अंगात पाच थर होते, सगळे चांगले, महागाचे. फक्त सगळ्यांत आत सुती बनियन. तीस वर्षांची सवय. चढताना ती घामाने भिजली आणि उभं राहिल्यावर पाठीला गार फडकं बांधल्यासारखी चिकटली. सुती कपडा ओला झाला की ऊब धरत नाही, हे पाठ करून घेतलं होतं. पण बनियन हा कपडा आहे हे सरांच्या लेखी नव्हतंच.

पायात बूट नेमक्या मापाचे, आत दोन जोड लोकरी मोजे. एकावर एक घातले की जास्त ऊब, असं वाटतं. खरं तर बूट आवळला, रक्त खाली जायची वाट अडली. बूट एक माप मोठा हवा आणि आत बोटं हलायला हवीत. शिवाय सर थेट गोठलेल्या दगडावर उभे होते. गाईडच्या पायाखाली फोमच्या चटईचा जुना तुकडा होता. मला वाटलं, बसायला आणलाय.

नऊ चाळीसला गाईड हलक्या आवाजात म्हणाला, "शान." लडाखी लोक हिमबिबट्याला शान म्हणतात. समोरच्या उतारावर, किलोमीटरभर लांब, एका खडकाच्या सावलीत. मी तीन वेळा बघितलं तरी खडकच दिसला. मग खडकाची शेपटी हलली.

सर स्कोपला लागले. त्यांचा श्वास काचेवर बसला आणि गोठला. पुसली, पुन्हा बसला. मग श्वास रोखून बघायला लागले. चार हजार मीटरवर श्वास रोखायचा! दिसला त्यांना, पंधरा-वीस सेकंद. त्यानंतर तो प्राणी जो झोपला तो झोपलाच. आम्ही आळीपाळीने खाली उतरून चहा घेतला, हातपाय झटकले. सर हलले नाहीत. उठला आणि आपण नसलो तर? अकरापर्यंत ते त्या दगडावर होते.

"बोटं कशी आहेत सर?"

"अगदी ठीक. आता दुखतही नाहीत."

हे वाक्य ऐकून मी तिथेच त्यांचा बूट काढायला हवा होता. थंडीत दुखणारं बोट दुखायचं थांबलं, तर ते बरं झालेलं नसतं.

खाली घरात आल्यावर मोजा काढला. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट मेणासारखं पांढरं, टोचलेलं कळत नव्हतं. कोणीतरी पाय बुखारीजवळ, म्हणजे खोलीतल्या शेगडीजवळ, धरायला सांगितलं, कोणी चोळायला लागलं. दोन्ही थांबवलं. बधिर कातडी भाजली तरी समजत नाही, आणि चोळल्याने इजा वाढते. घरच्या आजींनी, आमा-लेंनी, परात दिली. बाळाच्या आंघोळीचं पाणी कोपराने बघतात तसं बघून त्यात पाय ठेवला, साधारण ३७ ते ३९ अंश, आणि गार होईल तसं गरम घालत राहिलो. वीस मिनिटांनी बोटं लाल झाली आणि सर, जे कधी ओरडत नाहीत, ते ओरडले. मला हायसं वाटलं. इजा वरवरची होती. फोड आले नाहीत, कातडी पुढे सोलवटून गेली.

रात्र

संध्याकाळी सात. सरांना उलटी. थुक्पा, म्हणजे तिकडचं शेवयांचं सूप, समोर तसाच. डोकं 'कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं'. ऑक्सिमीटर लावला, ६८.

सगळे घाबरले, मीही. मग लक्षात आलं, बोट बर्फासारखं आहे. गार बोटात रक्त कमी फिरतं आणि हे यंत्र रक्ताच्या ठोक्यावरच आकडा काढतं. हात काखेत दहा मिनिटं धरायला लावला, पुन्हा लावलं. ७९. बाकीच्यांचे ८४ ते ८७ होते. म्हणजे सर खाली होतेच, पण ६८ खोटा होता. मला वाटतं, या यंत्राने जितक्यांना वाचवलं असेल तितक्यांची झोपही उडवली असेल.

आकड्यापेक्षा लक्षणं महत्त्वाची. लेक लुईस नावाची साधी गुणपद्धत आहे. डोकेदुखी, पोट, थकवा, चक्कर, प्रत्येकी शून्य ते तीन गुण. सरांचे दोन, दोन, दोन, एक. सात. सहा ते नऊ म्हणजे मध्यम आजार. पुढचे दोन प्रश्न जिवाचे: मेंदूला सूज येतेय का आणि फुप्फुसात पाणी होतंय का? पहिल्यासाठी स्वयंपाकघरातल्या फळीच्या रेषेवर टाचेला बोटं लावत दहा पावलं. सर चालले, एकदा डगमगले, पण रेषा सोडली नाही. दुसऱ्यासाठी, बसल्या जागी धाप आहे का, खोकला आहे का? नव्हता.

रात्रीच उतरायचं की सकाळी? ड्रायव्हर म्हणाला, सावलीच्या वळणांवर बर्फाची काच झालीय. गटातल्या दोघांचं मत, आत्ताच निघू. मी आणि गाईडने ठरवलं: गाईडकडचा ऑक्सिजन मिनिटाला दोन लिटर, फोनवर लेहच्या डॉक्टरांनी सांगितलेली औषधं, आणि दर दोन तासांनी उठवून तीच रेषा. रेषा चुकली किंवा बसल्या जागी धाप लागली की रस्ता कसाही असो, निघायचं. गाडीत सामान भरून ठेवलं, ड्रायव्हर बुखारीशेजारी झोपला. मला आजही वाटतं निर्णय बरोबर होता. पण बरोबर ठरला तो रेषा न चुकल्यामुळे, आणि ते माझ्या हातात नव्हतं.

रात्री दोनच्या रेषेनंतर सर परत आडवे होताना म्हणाले, "बाय, एक सांगू? राग नाही ना येणार?" आणि गोळीचं, पाण्याचं, चार वेळा उठण्याचं सगळं सांगितलं. मी स्वयंपाकघरातून रुंद तोंडाची झाकणाची बाटली आणून त्यांच्या पांघरुणाशी ठेवली. अख्ख्या सहलीतला सगळ्यांत स्वस्त इलाज तो होता.

खाली

सकाळी सगळे म्हणाले, चला लेहला. सर उठून बसले होते, तोंड उतरलेलं, पण भूगोल शाबूत. "लेहला कशाला? सिंधू लेहवरून इकडे वाहत येते. नदी उतरते त्या बाजूची गावं लेहपेक्षा खाली असणार." खरंच की. आम्ही नदीकाठच्या सास्पोलकडे उतरलो, लेहपेक्षाही काही शे मीटर खाली. तासाभरातच डोकं हलकं झालं. दुपारी सरांनी घरून आणलेला उकडा तांदूळ काढला, घरातल्या बाईंना समजावून पेज करून घेतली आणि मिसकुटाच्या, म्हणजे कैरीच्या लोणच्याच्या, फोडीबरोबर दोन वाट्या खाल्ली.

एकदा गारठलेलं बोट पुन्हा गारठवायचं नसतं, म्हणून धारेवर उभं राहणं संपलं. बाकीचे उलेला परत गेले. सर पुढचे तीन दिवस गच्चीवर, उन्हात, खुर्चीवर बसून दुर्बिणीने नदीपलीकडचे उतार बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना शापू दिसले, लडाखी युरियल, अकरांचा कळप. ही रानमेंढी सिंधू-श्योकच्या खालच्या, कमी उंचीच्या उतारांवरच राहते. वर उभे राहिलेल्या आम्हा पाच जणांना एकही दिसली नाही. ते सर अजून सुनावतात.

आता

तयारीत मी बऱ्याच गोष्टी बदलल्या. गोळ्यांची यादी पहिल्या दिवशी, डॉक्टरांना जागा, उंची, तापमान आणि तास लिहून पत्र. रात्री किती वेळा उठता हा प्रश्न सगळ्यांना, बायकांनाही. त्यांची अडचण तर याहून मोठी. पायऱ्या निम्म्या केल्या.

आणि थंडीची सोय झाली. दक्षिण गोव्यात ओळखीच्या एकांचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे, शून्याखाली १८. रविवारी काम बंद असतं. जाणाऱ्याने सगळे थर घालून, तिपाई आणि दुर्बीण घेऊन आत पंचेचाळीस मिनिटं उभं राहायचं. मी आणि तिथला एक कामगार दाराशी, दर पाच मिनिटांनी हाक. आतल्या बाजूने दार उघडतं की नाही हे आधी बघायचं. तिथे विरळ हवा नाही, वारा नाही, पण बूट आवळतो की नाही आणि हातमोज्याने स्कोपची चकती फिरते की नाही, हे सुरमईच्या खोक्यांमध्ये उभं राहून नीट कळतं.

यंदा डॉक्टरांनी सरांची ब्लडप्रेशरची गोळी बदलली आहे, चार महिने आधी. गेल्या रविवारी ते आले. बनियन नव्हती, मी कॉलर खाली ओढून बघितलं. बूट एक माप मोठा, पायाखाली त्यांनीच कापून आणलेला फोमचा तुकडा. पंचेचाळीस मिनिटांनी बाहेर आले, मिशीवर पांढरं. काही बोलायच्या आधी पायरीवर बसले, उजवा बूट उतरवला, मोजा काढला आणि अंगठा माझ्यासमोर हलवून दाखवला.